उबुंटूवरचा साम्बा शेअर: विंडोज ११ आत घेत नाही, मॅक फक्त वाचू देतो, आणि उलट दिशेने लिनक्सला एरर १३

निळी_केबल (प्रश्न)

एकाच नेटवर्कवरच्या तीन यंत्रांची तक्रार वेगवेगळी आहे, म्हणून सगळं एकाच धाग्यात मांडतोय.

सर्व्हर उबुंटू २२.०४, त्यावर साम्बा ४.१५ (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज-मॅकला नेटवर्कवर देणारा प्रोग्राम), पत्ता १९२.१६८.१.२०. शेअरचं नाव "डेटा", फोल्डर /एसआरव्ही/डेटा. कॉन्फिग फाइलच्या (एसएमबी.कॉन्फ) ग्लोबल भागात "मॅप टू गेस्ट = बॅड यूजर" आणि शेअरखाली "गेस्ट ओके = येस", "रीड ओन्ली = नो". पासवर्ड कुठेच ठेवलेला नाही.

१) विंडोज १० होमवरून शेअर पासवर्डशिवाय उघडतो. विंडोज ११ प्रो (२४एच२ आवृत्ती) वरून मात्र पत्ता टाकला की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट (नाव-पासवर्डशिवायचा) प्रवेश रोखला आहे, अशा अर्थाचा संदेश येतो. लॅपटॉप कुठल्याही संस्थेच्या डोमेनमध्ये नाही. शिवाय फाइल एक्सप्लोररच्या नेटवर्क यादीत सर्व्हर दिसतच नाही आणि नावाने उघडायला गेलं की ०एक्स८००७००३५.

२) मॅक (सोनोमा) गेस्ट म्हणून जोडला जातो, फायली उघडतात, पण नवीन फाइल ठेवायला गेलं की परवानगी नाही.

३) उलट दिशेने: विंडोज ११ वरचा "कामाच्या फायली" हा शेअर दुसऱ्या लिनक्स लॅपटॉपवर माउंट करायचा (तिथल्या एका फोल्डरला जोडायचा) आहे. माउंट एरर १३, परमिशन डिनाइड. विंडोजमध्ये शिरताना जो पिन टाकतो तोच पासवर्ड म्हणून दिला आहे.

पिंग सगळीकडून सगळीकडे जातं. फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहिली, फरक नाही. एसएमबी १ (फाइल शेअरिंगच्या भाषेची सर्वांत जुनी आवृत्ती) सुरू करा असा सल्ला एका ठिकाणी वाचला. करू का?


पोर्ट_४४५

एसएमबी १ ला हात लावू नका. तुमच्या तिन्हींपैकी एकाही अडचणीशी त्याचा संबंध नाही.

आधी पिंगबद्दल. पिंग जातं याचा अर्थ समोरचं यंत्र जागं आहे, एवढाच. शेअरिंग चालतं टीसीपी पोर्ट ४४५ वर, आणि ते पोर्ट बंद असताना पिंग मजेत जाऊ शकतं. उलटही होतं: विंडोज पिंगला उत्तर देत नाही, पण ४४५ उघडं असतं. म्हणून तपासायचं ते पोर्ट. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५" आणि शेवटच्या ओळीत ट्रू आलं पाहिजे. लिनक्स किंवा मॅकवर "एनसी -झेडव्ही", मग पत्ता, मग ४४५. (कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करा.)

तुमच्याकडे हा टप्पा पार झालेला आहे, कारण गेस्टबद्दलचा संदेश यायला आधी जोडणी व्हावी लागते. "पाथ सापडला नाही" म्हणजे विंडोजला समोरचं यंत्र सापडलेलं नाही किंवा पोर्ट लागलेलं नाही. "प्रवेश रोखला", "पासवर्ड चुकीचा", "परवानगी नाही" म्हणजे सर्व्हरशी बोलणं झालंय आणि भांडण ओळखीचं किंवा हक्काचं आहे. दुसऱ्या प्रकारची एरर आल्यावर फायरवॉल बंद करणं व्यर्थ आहे.

आता तुमचा पहिला मुद्दा. विंडोज शेअर उघडताना तुम्हाला काही न विचारता आधी स्वतःच्या लॉगिनचं नाव पुढे करतं. साम्बाच्या यादीत ते नाव नाही. "बॅड यूजर" या सेटिंगचा अर्थ नेमका हाच: अनोळखी नाव आलं तर नकार देऊ नकोस, गेस्ट म्हणून आत घे. साम्बा गेस्ट म्हणून आत घेतो आणि विंडोज ११ प्रो म्हणतं, गेस्ट म्हणून मला जायचंच नाही. नकार सर्व्हरचा नाही, तुमच्याच लॅपटॉपचा आहे. एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत हे विंडोज १० च्या १७०९ पासून आहे, प्रोमध्ये २४एच२ पासून आलं, होममध्ये गेस्ट अजून चालतो. म्हणून तुमचं विंडोज १० होम निवांत आहे. "संस्था" हा शब्द संदेशात सगळ्यांनाच दिसतो.

याच सेटिंगचा एक त्रासदायक परिणाम लक्षात ठेवा. उद्या खातं तयार केलंत आणि नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तरी संदेश गेस्टचाच येईल, "नाव चुकीचं" असा येणार नाही. तुम्ही बसाल धोरणं शोधत. म्हणून "मॅप टू गेस्ट = नेव्हर" करा. मग चूक चुकीसारखी दिसते.

मॅकच्या अडचणीचं मूळही इथेच आहे. गेस्ट म्हणून आलेला माणूस उबुंटूच्या दृष्टीने "नोबडी" हा यूजर असतो. "रीड ओन्ली = नो" हे साम्बाचं दार उघडतं; त्यामागे फाइलसिस्टिमचं दुसरं दार आहे. फोल्डर रूटच्या (लिनक्सचा मुख्य अॅडमिन) मालकीचं आणि परवानगी ७५५ असेल, तर नोबडी वाचणार, लिहिणार नाही. ७७७ करून सुटका होते, पण मग कोणीही काहीही पुसू शकतं.

दोन्हींवर एकच इलाज, खरं खातं:

सर्व्हरवर ग्रुप तयार करा: "सुडो ग्रुपअॅड दस्तगट". मग शेलमध्ये लॉगिन करू न शकणारा यूजर: "सुडो यूजरअॅड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन -जी दस्तगट सामाईक". यात -एम आणि -जी दोन्ही कॅपिटल, -एस लहान. कॅपिटल -एम म्हणजे होम फोल्डर बनवू नकोस. लहान लिहिलंत तर उलट अर्थ होतो.

साम्बाचा पासवर्ड वेगळा असतो. लिनक्सचा पासवर्ड ठेवून भागत नाही, कारण साम्बा स्वतःची यादी बघतो. "सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए सामाईक" द्या आणि "सुडो पीडीबीएडिट -एल" ने (इथे एल कॅपिटल) नाव यादीत आलं का बघा.

फोल्डर: "सुडो सीएचजीआरपी -आर दस्तगट /एसआरव्ही/डेटा", आर कॅपिटल. मग त्या फोल्डरला आणि आतल्या सगळ्या फोल्डरांना २७७०, फायलींना ६६०. सुरुवातीचा २ महत्त्वाचा: त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक गोष्ट दस्तगटाचीच राहते. तो विसरला की पुढे एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही.

एसएमबी.कॉन्फमध्ये शेअरखाली: "गेस्ट ओके = नो", "व्हॅलिड यूजर्स = @दस्तगट", "फोर्स ग्रुप = दस्तगट", "क्रिएट मास्क = ०६६०", "डिरेक्टरी मास्क = २७७०". नंतर "टेस्टपार्म" चालवा. कॉन्फिगमधल्या स्पेलिंगच्या चुका तो दाखवतो. सर्व्हिस मात्र अशी ओळ गुपचूप सोडून देते. मग "सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी".

विंडोजकडे परत येताना जुनी ओळख पुसा, नाहीतर एरर १२१९ भेटेल: एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या नावांनी जोडणी चालत नाही. "नेट यूज" ने यादी बघा, "नेट यूज * /डिलीट" ने तोडा, कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्सखाली त्या सर्व्हरची नोंद असेल तर काढा. एवढ्यानेही ऐकलं नाही तर लॉगआउट करून पुन्हा या. नाव विचारल्यावर नुसतं "सामाईक" न लिहिता आधी सर्व्हरचं नाव, मग बॅकस्लॅश, मग सामाईक असं लिहा.

मॅकवर आधीची गेस्ट जोडणी इजेक्ट करा, फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, "एसएमबी://सामाईक@१९२.१६८.१.२०/डेटा" द्या, आणि रजिस्टर्ड यूजर निवडा. इजेक्ट न करता पुन्हा जोडलंत तर तो जुन्या गेस्ट जोडणीवरच बसून राहतो.


झटपट_उपाय

एवढा खटाटोप कशाला? पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडा आणि "सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन -एनेबलइनसिक्युअरगेस्टलॉगऑन्स" ला ट्रू द्या. शेअर उघडेल.


पोर्ट_४४५

२४एच२ प्रोवर एवढ्याने उघडणार नाही. त्या आवृत्तीपासून प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी सायनिंग सक्तीचं आहे. सायनिंग म्हणजे प्रत्येक पाकिटावर सही, आणि सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्ड नाही म्हणून किल्ली नाही, किल्ली नाही म्हणून सही नाही. गेस्ट चालवायचा तर "रिक्वायरसिक्युरिटीसिग्नेचर" पण फॉल्स करावं लागतं. म्हणजे शेजारच्या एका फोल्डरसाठी त्या लॅपटॉपच्या सगळ्या जोडण्यांवरचा, उद्या बाहेरच्या वाय-फायवर होणाऱ्या जोडण्यांवरचाही, पहारा उठवायचा. एक खातं तयार करायला पाच मिनिटं लागतात.


झटपट_उपाय

मान्य, दोन्ही करावं लागतं. पण ज्यांच्याकडे जुनी नेटवर्क डिस्क आहे, जिच्यात सायनिंगच नाही, त्यांनी काय करायचं? ०एक्ससी०००ए००० येतं, सही अवैध म्हणून. तिथे खातं असून उपयोग नाही.


बॅकअप_आधी

तिथे क्रम असा: पहिलं, डिस्कच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आणि कमाल आवृत्ती बघा. बऱ्याच डिस्कवर कमाल आवृत्ती एसएमबी १ किंवा २ वर अडकवलेली असते आणि ३ निवडायची सोय तिथेच खाली असते. दुसरं, सायनिंगचा वेगळा पर्याय असेल तर सुरू करा. तिसरं, फर्मवेअर. हे तिन्ही निष्फळ ठरलं, तर ती डिस्क थेट विंडोजला न जोडता लिनक्स सर्व्हरवर माउंट करा आणि तिथून साम्बाने पुढे द्या. जुनी भाषा त्या दोन यंत्रांपुरती राहते.

एसएमबी १ का नको, याचं कारण ज्यांना अजून पटत नाही त्यांच्यासाठी: मे २०१७ चं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर याच आवृत्तीतल्या दोषातून यंत्रामागून यंत्रं पकडत गेलं. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, एमएस१७-०१० नावाने. तरीही लाखो यंत्रं उघडी होती. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ देणं थांबलं. साम्बाने ४.११ मध्ये, २०१९ साली, किमान आवृत्ती एसएमबी २ केली. स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारी जुनी मशीन्स हीच खरी अडचण असते. त्यांच्यात बहुधा एफटीपी किंवा ईमेलने पाठवायची सोय असते, ती वापरा.


नाव_शोधा

नेटवर्क यादीत सर्व्हर न दिसणं आणि नावाने न उघडणं हे तर सगळ्यांच्या उत्तरांत राहूनच गेलं.

यादी ही जोडणीपेक्षा पूर्ण वेगळी भानगड आहे. यादीत नसलेला सर्व्हर पत्त्याने उघडतो आणि यादीत दिसणारा कधी उघडत नाही. पूर्वी ही यादी नेटबायोसवर चालायची, यूडीपी १३७ आणि १३८. ती पद्धत एसएमबी १ बरोबर गेली. "एसएमबी १ सुरू करा" या सल्ल्याचा उगम इथेच आहे: ते सुरू केलं की यादी दिसू लागते आणि लोकांना वाटतं रोग बरा झाला. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतं, यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७. साम्बाला ही भाषा येत नाही. उबुंटू २२.०४ च्या रिपॉझिटरीत डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज आहे, ते टाकलं की मिनिटभरात सर्व्हर यादीत येतो. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) वापरत असाल तर "यूएफडब्ल्यू अलाउ साम्बा" ने १३७, १३८, १३९ आणि ४४५ उघडतात, ३७०२ आणि ५३५७ उघडत नाहीत. ती दोन हाताने उघडा.

मॅकला यातलं काही लागत नाही. तो बॉन्जोर (नेटवर्कवर यंत्रं शोधायची अॅपलची पद्धत) वापरतो, यूडीपी ५३५३. उबुंटूवर अवाही (त्याच पद्धतीचा लिनक्सवरचा प्रोग्राम) चालू असेल तर मॅकला सर्व्हर "नाव.लोकल" असा सापडतो. आणि हेच नाव विंडोज १० व ११ लाही समजतं. म्हणून विंडोजमध्येही नुसतं नाव न लिहिता मागे डॉट लोकल लावून बघा, तुमचं ०एक्स८००७००३५ बहुधा तिथेच संपेल.

विंडोज स्वतः शेअर देत असेल तेव्हा सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्रोफाइल बघा. पब्लिक असेल तर शेअरिंगचे नियम बंद. प्रायव्हेट करा. एक खोच: प्रायव्हेटमध्येही हा नियम फक्त त्याच सबनेटमधल्या यंत्रांना आत घेतो. व्हीपीएनवरून किंवा दुसऱ्या सबनेटमधून येणाऱ्याला नियमाच्या स्कोपमध्ये ती रेंज द्यावी लागते.

आणि हो, कोणाला ४४५ दोन्ही यंत्रांच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये उघडं असूनही जोडणी होत नसेल, तर राउटर बघा. गेस्ट वाय-फाय किंवा क्लायंट आयसोलेशन चालू असलं की वाय-फायवरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. इंटरनेट उत्तम चालतं, त्यामुळे संशय कोणाला येत नाही.


माउंटवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: पिन. पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर यूजर म्हणून ईमेल आणि पासवर्ड म्हणून त्या खात्याचा खरा पासवर्ड. त्यातही एक अडचण आहे. पहिल्या दिवसापासून पिननेच आत जात असाल, तर त्या विंडोजने तुमचा पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. एकदा पासवर्ड टाकून लॉगिन करा. पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये "फक्त विंडोज हॅलो" वालं बटण बंद करा.

मी तर म्हणेन त्या खात्याच्या नादी लागू नका. शेअरसाठी एक लोकल यूजर करा, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर "नेट यूजर शेअरवाला * /अॅड". तारा दिल्यामुळे पासवर्ड विचारला जातो आणि स्क्रीनवर दिसत नाही. पासवर्ड रिकामा ठेवू नका. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, एरर १३२७ देतं.

मग हक्क. विंडोजमध्ये दोन जागी असतात आणि त्यांतला जो कडक तो लागू होतो. प्रॉपर्टीजच्या शेअरिंग टॅबमध्ये अॅडव्हान्स्ड शेअरिंग, तिथे मुळात एव्हरीवनला फक्त रीड असतं. आणि सिक्युरिटी टॅबमध्ये एनटीएफएसचे हक्क, तिथे शेअरवालाला मॉडिफाय द्यावं लागतं. एकीकडे दिलं आणि दुसरीकडे विसरलं की वाचता येतं, लिहिता येत नाही. साम्बाच्या दोन दारांसारखंच.

लिनक्सवर सीआयएफएस-यूटिल्स पॅकेज आहे ना बघा. नसेल तर एरर "रॉंग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक" अशी येते आणि माणूस डिस्क खराब झाली समजतो.

पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर तिथेच तुटतो, शिवाय हिस्टरीत राहतो. एक फाइल करा, दोन ओळी: "यूजरनेम=शेअरवाला" आणि "पासवर्ड=..." बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. परवानगी ६००.

माउंटचे ऑप्शन: "क्रेडेन्शियल्स=" पुढे त्या फाइलचा पाथ, "यूआयडी=१०००,जीआयडी=१०००" (नाही दिलं तर सगळं रूटच्या नावावर येतं आणि तुम्हाला लिहिता येत नाही), "आयओचारसेट=यूटीएफ८" (नाही दिलं तर काही यंत्रांवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं). "व्हर्स=" आता सहसा लागत नाही. कर्नल ४.१३ च्या आधी न सांगितल्यास एसएमबी १ जायचं, तेव्हा ते लिहावं लागे; ४.१४ पासून कर्नल स्वतः २.१ किंवा पुढची आवृत्ती ठरवतं.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची फाइल) टाकणार असाल तर "कामाच्या फायली" मधली मोकळी जागा बॅकस्लॅश आणि ०४० अशी लिहावी लागते. शेअरचं नाव एकाच रोमन शब्दाचं ठेवा, डोकेदुखी कमी. सोबत "नोफेल" आणि "एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट" द्या, नाहीतर विंडोज बंद असताना लिनक्सचं बूट रखडतं.

आकडे काय सांगतात:
१३ म्हणजे नाव, पासवर्ड किंवा हक्क. लगेच "सुडो डीमेसेज" (कर्नलच्या नोंदी) बघा. स्टेटस लॉगऑन फेल्युअर असेल तर ओळख चुकली. स्टेटस अॅक्सेस डिनाइड असेल तर ओळख पटली, हक्क नाही. या एका ओळीने अर्धा दिवस वाचतो.
११२, होस्ट इज डाउन: होस्ट बहुतेक वेळा चालूच असतो. दोघांची एसएमबी आवृत्ती जुळलेली नसते.
२: शेअरचं नाव चुकलं. "एसएमबीक्लायंट -एल", एल कॅपिटल, पत्ता आणि -यू यूजर (यू पण कॅपिटल) देऊन खरी यादी बघा.
११३ आणि ११५: रस्ताच नाही किंवा ४४५ अडवलेलं.


निळी_केबल

विंडोज ११ सुरू. "गेट-एसएमबीकनेक्शन" मध्ये डायलेक्ट (एसएमबीची आवृत्ती) ३.१.१ दिसतंय. डॉट लोकल लावल्यावर नावानेही उघडतं, डब्ल्यूएसडीडी टाकल्यावर यादीतही आला. मॅक लिहितोय. लिनक्स माउंटही झालं, डीमेसेजमध्ये लॉगऑन फेल्युअरच होतं.

नवीन प्रकार: मॅकवरून ठेवलेल्या काही फायलींची नावं विंडोजवर चौकोन आल्यासारखी दिसतात. आणि सर्व्हरवर "दुसऱ्या तिमाहीचा अहवाल" नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत, नाव अक्षरशः तेच. एक जुन्या मॅकच्या डिस्कवरून आरसिंकने (फायली कॉपी करणारी कमांड) आणलेली, दुसरी विंडोजवरून. हे शक्यच कसं?


अक्षरजुळणी

दोन वेगळे रोग आहेत.

चौकोन: विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा आणि लहान-मोठं दाखवणारे कोन चालत नाहीत, शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नाही. फाइंडरमध्ये मात्र तारीख तिरक्या रेघेने लिहिलेलं नाव खुशाल चालतं. मॅक अशी चिन्हं एसएमबीवर पाठवताना युनिकोडच्या खासगी पट्ट्यातल्या अक्षरांत बदलतो. मॅक ती परत नीट दाखवतो, विंडोजकडे त्यांना फॉन्ट नाही, म्हणून चौकोन. साम्बात "व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = कॅटिया फ्रूट स्ट्रीम्स_एक्सअॅटर" ही ओळ मॅकसाठी हवीच, याच क्रमाने, आणि ग्लोबल भागात; काही शेअरला फ्रूट आणि काहींना नाही असं केलं की मॅकसाठीच्या सोयी जोडणीच्या क्रमानुसार कधी चालतात, कधी नाही. पण तिने विंडोजला अपूर्णविराम चालायला लागणार नाही. "फ्रूट:एन्कोडिंग = नेटिव्ह" केलंत तर डिस्कवर खरं चिन्ह येतं आणि विंडोजला साम्बा मोडतोड केलेलं आठ अक्षरी नाव दाखवतो, ते चौकोनांहून वाईट. नावांतून ही चिन्हं काढा. तारखेला आडवी रेघ वापरा.

जुळी फाइल: दोष "ऱ्या" मधल्या ऱ चा आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता (वेगळं टिंब). डोळ्यांना सारखंच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं नेहमी फोडून ठेवायची, म्हणजे र अधिक नुक्ता. विंडोजच्या मराठी कीबोर्डवरून सहसा एकसंध ऱ येतो. लिनक्सची ईएक्सटी४ फक्त बाइट बघते, तिच्या लेखी ही दोन वेगळी नावं. आरसिंकने नाव होतं तसं आणलं. "दुसऱ्या", "कर्मचाऱ्यांची", "अधिकाऱ्यांचा" अशा प्रत्येक नावाला हा धोका आहे. "पगार" किंवा "हजेरी" ला नाही. म्हणून तो काही फायलींपुरताच दिसतो आणि लोक डिस्कला दोष देतात. कधी याचं दुसरं रूप दिसतं: मॅकवर फाइल यादीत दिसते, पण उघडायला गेलं की नाही म्हणते.

दुरुस्ती: सर्व्हरवर "कन्व्हएमव्ही" (फायलींच्या नावांची लिहायची पद्धत बदलणारं साधन) टाका. "कन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी /एसआरव्ही/डेटा" चालवा (इथे सगळी अक्षरं लहान). असं चालवल्यावर तो फक्त काय बदलेल ते दाखवतो. यादी वाचा. जिथे जुळी आहेत तिथे नाव बदलल्यावर दोन्ही एकच होणार, त्यामुळे आधी दोन्ही उघडून कोणती ठेवायची ते ठरवा आणि दुसरीचं नाव बदला. मग त्याच कमांडला "--नोटेस्ट" जोडून खरं चालवा. पुढे जुन्या मॅक डिस्कवरून आणताना मॅकवर नवी आरसिंक टाकून "--आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८" द्या. मॅकसोबत येते ती आवृत्ती या पर्यायाच्या भरवशाची नाही.


सफरचंद_शेअर

याच धाग्यात विचारून घेतो. मॅकवरचा शेअर विंडोजवरून उघडताना नाव-पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो. लिनक्सवरूनही तेच.


बॅकअप_आधी

सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंगच्या पुढचं आय बटण, मग ऑप्शन्स. तिथे विंडोज फाइल शेअरिंग असा भाग आहे, त्यात तुमच्या खात्यापुढे टिक करून पासवर्ड पुन्हा द्या. मॅक एरवी पासवर्ड ज्या रूपात ठेवतो ते विंडोजच्या पद्धतीला चालत नाही. टिक केल्यावर वेगळ्या रूपात ठेवतो. खात्याचा पासवर्ड बदललात आणि पुन्हा नाकारायला लागलं, तर तीच टिक काढून परत करा. नाव म्हणून खात्याचं छोटं नाव द्या, होम फोल्डरचं असतं ते.


पोर्ट_४४५

निळी_केबल, दोन किरकोळ गोष्टी. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखीव करून टाका, नाहीतर एखाद्या रीस्टार्टनंतर १९२.१६८.१.२० दुसऱ्याच यंत्राला मिळेल. आणि विंडोज ओळख सर्व्हरच्या नावानुसार साठवतं: पत्ता, साधं नाव आणि डॉट लोकल हे त्याच्या लेखी तीन वेगळे सर्व्हर. एकाने जोडून झाल्यावर दुसऱ्याने गेलात तर पासवर्ड पुन्हा विचारेल. कोणाला एकाच लॅपटॉपवरून दोन खात्यांनी जायचं असेल आणि १२१९ आडवी येत असेल, तर एक खातं पत्त्याने आणि दुसरं नावाने जोडा, चालतं.


निळी_केबल

पत्ता राखीव केला. कन्व्हएमव्हीच्या यादीत ऱ वाल्या सतरा फायली निघाल्या, त्यांतल्या तीन जुळ्या. त्या हाताने बघून मग नोटेस्ट चालवतो.